चुकून पंधरा, चोरून एक

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाने दार ढकललं. मागे ट्रे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि १५ कप फुटले. दुसऱ्याने आई घरात नसताना चोरून जॅम काढायला कपाटात हात घातला, एक कप फुटला. जास्त वाईट कोण? सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुलं पहिल्याकडे बोट दाखवत. त्यांच्या लेखी हेतूपेक्षा नुकसान मोठं. (या गोष्टी असलेलं पियाजेंचं पुस्तक १९३२चं. पुढच्या संशोधकांनी गोष्टी सोप्या केल्या, तेव्हा याहून लहानांनाही हेतू ओळखता आला.)

हेतूची समज अशी कच्ची असताना, चार वर्षांच्या पोराने धाकट्याला ढकललं की ‘मुद्दाम केलंस!’ म्हणून ओरडणं मला अन्यायाचं वाटतं. कोणाला लागलं, का रडतोय, हे तिथल्या तिथे दोन वाक्यांत सांगा.

कायदाही वय पाहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालील मुलाची कोणतीही कृती गुन्हा नाही. सात ते बारा वयात, कृत्याचं स्वरूप आणि परिणाम समजण्याइतकी परिपक्वता नसेल, तर कलम २१ तेच संरक्षण देतं.