झुआरीचा पूल आणि खालची भरती

खाडीवरचा पूल मोठा केला की निसर्ग गेलाच, असं बरेच जण मला म्हणतात. मी सैन्यात इंजिनिअर्समध्ये होतो; पाणी ओलांडणं हेच आमचं काम. म्हणून गोव्याचं उदाहरण घेऊ.

राष्ट्रीय महामार्ग ६६ वरचा झुआरीचा जुना पूल १९८३चा. पुढे त्यावर अवजड वाहनांना निर्बंध आले. नव्या पुलाच्या पहिल्या चार मार्गिका डिसेंबर २०२२मध्ये खुल्या झाल्या. पूल केबलांवर तोललेला, मधला गाळा ३६० मीटरचा. पाण्यात खांब उभा केला की कडेने प्रवाह जोर धरतो, तळ खरवडतो आणि मागच्या संथ पाण्यात गाळ बसतो. खांब कमी, तेवढी ढवळाढवळ कमी.

पण कुठल्याही खाडीपुलाचं खरं दुखणं जोडरस्त्यात असतं. कांदळवनात मातीचा भराव टाकून मोऱ्या अरुंद ठेवल्या, की भरतीचं पाणी आत पोचत नाही. मग एकही झाड न तोडता कांदळवन वाळतं, आणि मासळीची पिल्लं वाढायची जागाही जाते. तिथे खांबांवरचाच रस्ता हवा. महाग पडतो, कबूल. आमचा बेली पूल काम झालं की उचलता यायचा. भराव कोणी उचलत नाही.

तुमच्याकडे जनसुनावणी झाली तर आराखडा मागा. मोरीचा तळ ओहोळाच्या तळाशी जुळतो का, एवढं तरी विचाराच.