हरितगृहाविना आमरी

ऑर्किड म्हटले, की तारांकित हॉटेलचे दालन, विवाहाचा मंच आणि महागडे पुष्पगुच्छ डोळ्यांसमोर येतात. साहजिकच, हे फूल हरितगृहाखेरीज फुलत नाही, असा समज दृढ झाला आहे. वस्तुतः मराठीत ‘आमरी’ म्हणून ओळखले जाणारे हे कुल भारतीय अरण्यांना मुळीच परके नाही. सह्याद्रीत पावसाच्या तोंडाशी वृक्षांच्या खोडांवर गुलाबी-पांढऱ्या घोसांनी लोंबणारी ‘सीतेची वेणी’ ही आमरीच. आसामात तीच ‘कोपौ फूल’ या नावाने राज्यपुष्पाचा मान मिरवते आणि बिहू नृत्यात युवतींच्या केसांत शोभते.

वृक्षावर वाढणारी आमरी त्याचा केवळ आधार घेते. बांडगुळाप्रमाणे ती त्याचा रस शोषत नाही. तिच्या मुळांवर स्पंजासारखे पांढुरके आवरण असते. ते पाऊस आणि दव टिपून घेते व पुन्हा हवेत वाळते. कुंडीतील मातीत मात्र हीच मुळे गुदमरतात, कुजतात. घरातील आमरी दगावते, ती बहुधा अतिप्रेमाने घातलेल्या पाण्यामुळे.

म्हणून बाजूंना भोके असलेल्या मातीच्या कुंडीत लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणे भरावीत. पूर्वेकडील गॅलरीतील कोवळे ऊन उत्तम. दुपारी मात्र सावली हवी. पाने गर्द हिरवी पडली आणि फुले येईनात, तर प्रकाश कमी पडतो आहे. पिवळसर झाली, तर बहुधा ऊन अधिक होते आहे. पाणी केव्हा द्यावे, हे मुळेच सांगतात: भिजलेली हिरवी दिसतात, वाळलेली रुपेरी. रुपेरी दिसल्यावर सकाळी पाणी द्यावे. कोरड्या हवेच्या गावी कुंडीखाली खडे व पाणी घातलेले ताट ठेवावे. कुंडीचा तळ मात्र पाण्यास टेकू देऊ नये. प्रारंभासाठी डेंड्रोबियम किंवा फॅलेनॉप्सिस निवडावे. फॅलेनॉप्सिसची फुले गळाली, म्हणून रोप टाकून देऊ नये; हिवाळ्यातील थंड रात्री त्यास पुन्हा दांडा धरण्यास प्रवृत्त करतात.

रोप कोठून आणावे, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते व त्यात अन्नसाठा नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ लाभली, तरच ते रुजते आणि फुलावर येण्यास वर्षे लागतात. १९२२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ लुईस नड्सन यांनी साखरयुक्त माध्यमावर बुरशीविना बी रुजविल्याचे प्रसिद्ध केले. पुढे ऊतिसंवर्धनाने हजारो रोपे प्रयोगशाळेत सिद्ध होऊ लागली. तीच आज रोपवाटिकांतून मिळतात. घाटरस्त्यावर विकावयास मांडलेले आमरीचे झुबके मात्र बहुधा अरण्यातून ओरबाडलेले असतात. त्यांतील अनेक शहरात जगत नाहीत आणि वृक्षावरील त्यांची रिकामी जागा सहजी भरून येत नाही. गॅलरीतील एका कुंडीसाठी सह्याद्रीची वा ईशान्येची एक फांदी उघडी पडू नये, एवढे भान प्रत्येक छंदिष्टाने बाळगावयास हवे.