पाच मात्रांची गोधडी

जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक रचून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी हे आपल्या काटकसरीचे आणि मायेचे जुने रूप आहे. अलीकडे ही गोधडी अंथरुणातून उठून भिंतीवर आली. रंग, रेषा आणि प्रमाण यांचा विचार करून चित्रासारखी रचलेली गोधडी आता दिवाणखान्यात मानाने टांगली जाते. अशा गोधडीत रंगाच्याही आधी मापाचा प्रश्न येतो : कोणता तुकडा केवढा असावा, आणि का?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा फिबोनाची या नावाने दिले जाते. १, २, ३, ५, ८, १३ अशी ती संख्यामालिका. पुढची प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज. लगतच्या संख्यांचे गुणोत्तर हळूहळू १.६१८ च्या जवळ जाते व त्यालाच सुवर्ण गुणोत्तर म्हणतात. पिसा येथील लिओनार्दो, म्हणजेच फिबोनाची, हा व्यापारी पेठेतच वाढला. उत्तर आफ्रिकेत तो भारतीय अंक शिकला आणि १२०२ मध्ये त्याने लिहिलेल्या ग्रंथात भाव, नाण्यांची अदलाबदल व भागीदारी यांचे हिशेब आहेत. सशांच्या वाढीच्या एका उदाहरणात ही मालिका येते.

मात्र त्याच्या सुमारे ५० वर्षे आधी गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी ‘छंदोनुशासन’ या ग्रंथात हीच मालिका सांगितली होती. आणि त्यांच्याही कितीतरी आधी विरहांक या छंदशास्त्रज्ञाला ती ठाऊक होती. त्यांच्यापुढील प्रश्न काव्याचा होता. लघु अक्षराची १ मात्रा, गुरूच्या २. मग ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? ३ मात्रांची ओळ ३ प्रकारे, ४ मात्रांची ५ प्रकारे आणि ५ मात्रांची ८ प्रकारे भरते.

हाच प्रश्न कापडात मांडता येतो. लघूसाठी फिक्या रंगाचा चौरस घ्यावा आणि गुरूसाठी गडद रंगाचा, दोन चौरसांएवढा लांब आयत. ५ मात्रांच्या आठही ओळी एकाखाली एक शिवल्या की ५ भाग रुंद व ८ भाग उंच असा पट तयार होतो. म्हणजे बाहेरच्या चौकटीलाही ८ : ५, अर्थात १.६ हे प्रमाण आपोआप लाभते. हा सुयोग ५ मात्रांचाच आहे. ६ मात्रा घेतल्या तर ओळी १३ होतात आणि पट उंच व अरुंद दिसू लागतो.

ओळींचा क्रम असा ठेवावा (ल म्हणजे लघु, ग म्हणजे गुरू) : गगल, ललगल, लगलल, गललल, ललललल; त्याखाली लगग, गलग, लललग. वरच्या ५ ओळी लघूने संपतात; त्यातील शेवटचा ल झाकला की ४ मात्रांचे पाचही प्रकार उरतात. खालच्या ३ ओळी गुरूने संपतात. त्यांचा ग झाकला की ३ मात्रांचे तिन्ही प्रकार दिसतात. ५ अधिक ३ बरोबर ८, ही बेरीज का होते, हे पटाच्या उजव्या कडेवरच दिसते.

आता कापडाचा हिशेब. सर्व मिळून २० चौरस आणि १० आयत लागतात. एक आयत दोन चौरसांएवढा, म्हणून फिके आणि गडद कापड समसमान व्यापते. एक भाग ६ इंचांचा धरला तर पट ३० × ४८ इंच होईल. ४४ इंच पन्ह्याचे प्रत्येक रंगाचे पाऊण मीटर कापड पुरते. वीस चौरस वीस निरनिराळ्या फिक्या कटपीसचे घेतले तर पट अधिक खुलतो.

खरी कसोटी कापणीत आहे. प्रत्येक कडेचे पाव इंच कापड शिवणीत जाते. म्हणून चौरस ६ इंचांचा नव्हे, साडेसहा इंचांचा कापावा. आयत साडेबारा इंच लांब व साडेसहा इंच रुंद. आयत दोन चौरसांएवढा म्हणून १३ इंच लांब कापणे चूक, कारण त्याच्या मधे शिवण नाही. शिवणीचा विचार न करता ६ व १२ इंचांचे तुकडे कापले तर पाच तुकड्यांची ओळ २८ इंच भरते, चार तुकड्यांची साडेअठ्ठावीस आणि तीन तुकड्यांची २९. ओळी एकमेकींना जुळतच नाहीत. योग्य मापाने मात्र प्रत्येक ओळ साडेतीस इंच येते. पट शिवण्यापूर्वी हा ताळा अवश्य करून पाहावा. घट न धरता भाव बांधला तर जे होते, तेच येथेही होते.

आजीच्या लुगड्याचा तुकडा एकदा चुकीचा कापला गेला की पुन्हा मिळत नाही. तेव्हा एक ओळ आधी मांजरपाटावर शिवून पाहावी. नवे सुती कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापावे. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते. कापणी उभ्या-आडव्या धाग्याला धरून करावी, कारण उरेब कापलेली कड ताणली जाते. प्रथम तुकड्यांच्या ओळी व मग ओळींचा पट शिवावा. खाली अस्तर, मधे कापसाचा पातळ थर आणि वर पट ठेवून धावदोरा घालावा व कडेला गोट लावावा.

सुवर्ण गुणोत्तर पाळले म्हणजे सौंदर्य हमखास येते, असे मात्र नाही. रंगांची निवड आणि टाक्यांची सफाई यांना पर्याय नाही. ही गोधडी शिवताना आजीचा सराईत हात आणि नातवंडाचे गणित दोन्ही लागतात. पट भिंतीवर लागला की घरातल्या मुलाला नववी ओळ शोधायला सांगावे. ती सापडणार नाही; पण का सापडत नाही, हे शोधताना हेमचंद्रांचा प्रश्न त्याचा स्वतःचा होईल.