भाव कापडाचा, मोल रुग्णाचे

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी रुग्णाला सोडून परतणारे नातेवाईक डॉक्टरांच्या हातांवर विश्वास ठेवतात, औषधांवर ठेवतात आणि देवावर तर ठेवतातच. डॉक्टरांच्या अंगावरील हिरव्या झग्याचा विचार मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो धुतलेला आहे, वाफेने निर्जंतुक केलेला आहे, एवढे आपल्याला पुरते. प्रस्तुत लेखकाचाही समज काही वर्षांपूर्वीपर्यंत असाच होता. पुढे एका धर्मादाय रुग्णालयाच्या खरेदी समितीवर बसण्याचा योग आला. झग्यांच्या कापडासाठी तीन दरपत्रके आली होती. त्यांतील सर्वांत कमी दराचे पाच मिनिटांत मंजूर झाले. हे कापड नेमके काय अडवते, असा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

तो प्रश्न विचारायला हवा होता, हे नंतर केलेल्या वाचनातून ध्यानी आले. माणसाची त्वचा सतत झडत असते. नुसते चालताना एका माणसाच्या अंगावरून मिनिटाला दहा हजारांच्या आसपास सूक्ष्म कपचे गळतात आणि त्यांपैकी सुमारे दहावा हिस्सा जिवंत जंतू वाहून नेतो. स्नान कितीही काटेकोर असले तरी हे थांबत नाही. कारण हे जंतू घाणीचे नसून त्वचेचे नित्याचे रहिवासी असतात. निरोगी त्वचेवर ते निरुपद्रवी असतात. तेच उघड्या जखमेत, विशेषतः धातूचा सांधा बसवलेल्या हाडापाशी पोहोचले, तर महिनोन्‌महिने ठाण मांडतात. म्हणजे झग्याचे काम दुहेरी आहे. रुग्णाच्या रक्तापासून डॉक्टरांचे रक्षण त्याने करावयाचे, तसेच डॉक्टरांच्या त्वचेपासून रुग्णाचेही.

येथे साधे अंकगणित आडवे येते. जंतू वाहणारे हे कण बहुधा 10 ते 20 मायक्रॉनचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साध्या विणीच्या सुती कापडातील उभ्या-आडव्या धाग्यांमधली छिद्रे मात्र 80 ते 100 मायक्रॉनपर्यंत असू शकतात. चाळणीने पीठ अडवावे अशी अपेक्षा करण्यासारखेच हे आहे. कापड निर्जंतुक केल्याने त्यावरचे जंतू मरतात. त्याची छिद्रे बुजत नाहीत. त्यातून कापड ओले झाले की प्रकरण आणखी बिघडते. ओले सुती कापड जंतूंना अडवत नाही, हे विल्यम बेक या अमेरिकी शल्यचिकित्सकाने 1952 मध्येच दाखवून दिले होते.

यावर उपाय नाही असे नाही. दुसऱ्या महायुद्धात थंड समुद्रात कोसळणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांसाठी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने ‘व्हेंटाइल’ नावाचे कापड तयार केले. ते निव्वळ सुती होते; परंतु लांब धाग्याच्या कापसाचे आणि अतिशय घट्ट विणीचे. भिजताच त्याचे तंतू फुगतात आणि छिद्रे मिटतात. पुढे शस्त्रक्रियेच्या झग्यांसाठीही हे कापड वापरात आले. दोष कापसाचा नसून विणीचा आहे, हे यावरून कळावे. अर्थात घट्ट कापडाचीही अडचण आहे. ते अंगाला उकडते, आणि हालचालीबरोबर आतली हवा भात्यासारखी गळ्याशी व घोट्यांशी बाहेर फेकली जाते. म्हणून झग्याइतकेच आतल्या सदऱ्याचे व विजारीचे कापड आणि त्यांची शिवण यांनाही महत्त्व आहे.

खुब्याचा कृत्रिम सांधा रूढ करणारे सर जॉन चार्नली यांनी 1960 च्या दशकात इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात हा प्रश्न ऐरणीवर आणला. शस्त्रक्रियागृहात त्यांनी गाळलेली हवा आणली आणि आतली हवा नळीने शोषून घेणारा पोशाख वापरला. पुढे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 1982 मध्ये प्रसिद्ध झाले. आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांत नेहमीच्या हवेत सांध्याला खोलवर संसर्ग होण्याचे प्रमाण 1.5 टक्के, तर अतिशुद्ध हवेत 0.6 टक्के आढळले. सोबत तो पोशाखही असेल, तर प्रमाण नेहमीच्या सुमारे चौथाईवर आले.

हे आकडे सावधपणे वाचले पाहिजेत. त्या चाचणीत प्रतिजैविकांचाही मोठा वाटा दिसला होता. नंतरच्या काळात महागड्या हवा-यंत्रणेबद्दल शंका निर्माण झाल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये ती केवळ संसर्ग टाळण्यासाठी वापरू नये, असे सुचवले. त्याच वेळी संघटनेने असेही म्हटले की, एकदा वापरून टाकण्याचे न विणलेले झगे आणि धुऊन पुन्हा वापरण्याचे विणलेले झगे, दोन्ही निर्जंतुक असतील तर चालतील. आपल्यासारख्या देशाला हा मोठाच दिलासा आहे. परदेशी थाटाच्या प्लॅस्टिकी झग्यांचे ढीग रोज जाळण्याची सक्ती आपल्यावर नाही. मात्र धुण्याचा झगा शेवटच्या धुण्यापर्यंत जंतू अडवतो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकवतो की, खर्च एकाने करावा आणि तोटा दुसऱ्याने सोसावा, अशी व्यवस्था असेल तेथे निर्णय चुकतात. येथे तेच घडते. मीटरमागे चार पैसे समिती वाचवते. संसर्ग झाल्यास दुसरी शस्त्रक्रिया, बुडालेली रजा आणि आयुष्यभराचे लंगडणे मात्र रुग्णाच्या वाट्याला येते. झग्याचा खरा भाव मीटरवर नव्हे, तर दर शस्त्रक्रियेमागे काढला पाहिजे. महाग झगा अनेक धुण्यांपर्यंत टिकत असेल, तर तो स्वस्त ठरू शकतो.

कसोटी लावणे आपल्याला अशक्य नाही. 2020 च्या साथीत कोईमतूरच्या दक्षिण भारत वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत संरक्षक पोशाखांच्या कापडावर कृत्रिम रक्ताचा मारा करून ते पारखले गेले. तेव्हा प्रश्न वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या जिवाचा होता, म्हणून घाई झाली. रुग्णाच्या बाजूनेही तीच दक्षता हवी. युरोपच्या ई.एन. 13795 या मानकात कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही स्थितींतील जंतुरोधाची चाचणी आहे. आपल्या निविदांत किमान एवढे यावे: या चाचणीचा दाखला, किती धुण्यांपर्यंत गुण टिकतो त्याची हमी, आणि प्रत्येक झग्यावर धुण्यांची नोंद. मागणी अशी स्पष्ट झाली, तर इचलकरंजी-भिवंडीचे यंत्रमागही त्या विणीकडे वळतील. ग्राहक जे मागतो तेच माग विणतो.

त्या समितीची पुढील बैठक झाली तेव्हा दरपत्रकांच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवण्यास सुचवले. रकान्याचे शीर्षक होते, ‘काय अडवते?’ तिन्ही पुरवठादारांसमोर तो रिकामा राहिला. निर्णय महिनाभर लांबला आणि काही सभासद नाराज झाले. परंतु रिकामा रकाना निदान डोळ्यांना दिसतो. झग्यातले छिद्र दिसत नाही.