सामायिक स्टोरेजवरील व्हीएम बॅकअप : त्रुटी कुठे दिसते आणि बिघाड कुठे असतो

या पाठात आपण व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे व्हीएमचा, बॅकअप नेटवर्कवरील सामायिक स्टोरेजवर घेताना येणाऱ्या त्रुटींचा तपास कसा करायचा ते पाहणार आहोत. हायपरव्हायजर म्हणजे काय आणि व्हीएमची डिस्क ही प्रत्यक्षात एक फाइल किंवा व्हॉल्यूम असते, एवढे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे असे धरले आहे.

समजा, चेन्नईच्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्याचे कार्यालय आहे. एक सर्व्हर, त्यावर प्रॉक्समॉक्स, त्यात चार व्हीएम : बिलिंग, हजेरी, फाइल आणि मेल. शेजारच्या खोलीत नॅस, त्यावर एनएफएस शेअर. रोज रात्री १ वाजता बॅकअप सुरू होतो. एके सकाळी मेल येतो की बिलिंगच्या व्हीएमचा बॅकअप ‘इनपुट/आउटपुट एरर’ देऊन थांबला. बहुतेक जण अशा वेळी बिलिंगची व्हीएम उघडून तिच्यात दोष शोधू लागतात. तिथे सहसा काही सापडत नाही.

याचे कारण बॅकअपच्या वाटेत आहे. व्हीएमच्या डिस्कवरील ब्लॉक हायपरव्हायजर वाचतो, बॅकअपचा प्रोग्राम तो दाबून लहान करतो, माउंट केलेल्या फोल्डरमध्ये लिहितो, तो स्विचमधून नॅसपर्यंत जातो आणि शेवटी नॅसच्या डिस्कवर उतरतो. नॅसची डिस्क भरली तरी तक्रार बॅकअपचा प्रोग्रामच करतो, आणि त्यात नाव व्हीएमचे असते. म्हणून तपास उलट्या टोकाकडून, नॅसपासून सुरू करावा.

नॅसवर आधी जागा पाहा. शेअरवर कोटा लावला असेल तर डिस्क रिकामी असूनही ‘नो स्पेस लेफ्ट’ येते. आणखी एक गोष्ट विसरली जाते. ‘शेवटच्या ३ प्रती ठेवा’ असे सांगितले तरी जुनी प्रत सहसा नवी पूर्ण झाल्यावरच पुसली जाते. म्हणजे जागा ४ प्रतींची हवी.

पुढे नेटवर्क. पिंग चालते म्हणजे सगळे ठीक, असे समजू नये. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला २०४९ हा पोर्ट उघडा लागतो, तिसऱ्या आवृत्तीला त्याशिवाय १११ आणि माउंट सेवेचा पोर्टही लागतो. विंडोज पद्धतीचा एसएमबी शेअर असेल तर ४४५. एक फसवा प्रकार मुद्दाम सांगतो : सर्व्हर आणि नॅस दोन्हींवर एमटीयू ९००० ठेवला, पण मधला स्विच १५०० चाच राहिला. मग पिंग जाते, फोल्डरची यादी दिसते, लहान फाइलही लिहिली जाते, आणि मोठा बॅकअप मात्र सुरू होताच अडकतो. तपासताना पॅकेटचे तुकडे न करण्याची अट घालून ८९७२ बाइटचे पिंग पाठवून पाहा. ते गेले नाही तर दोष तिथेच आहे.

परवानगीचा प्रश्नही नेहमीचा. बॅकअप रूट वापरकर्त्याच्या नावाने चालतो, आणि एनएफएस सर्व्हर सुरक्षेसाठी समोरच्या रूटला ‘नोबडी’ मानतो. या सोयीला रूट स्क्वॉश म्हणतात. फोल्डर दिसतो, जुन्या फाइली वाचता येतात, पण लिहायला गेले की ‘परमिशन डिनाइड’. फोल्डरची मालकी योग्य वापरकर्त्याला द्यावी, किंवा रूट स्क्वॉश फक्त त्या एका सर्व्हरच्या आयपीसाठी बंद करावा. सगळ्या नेटवर्कला मोकळीक देऊ नये. चाचणी घेताना ज्या वापरकर्त्याने बॅकअप चालतो त्याच वापरकर्त्याने घ्यावी, आणि रिकामी फाइल नव्हे, निदान ५–१० जीबीची फाइल लिहून पाहावी.

न दिसणारा बिघाड

आतापर्यंतचे बिघाड निदान ओरडतात तरी. खरा धोका वेगळा आहे. बॅकअपच्या वेळी शेअर माउंटच झालेला नसला तर? लिनक्समध्ये माउंट करायची जागा हा साधा रिकामा फोल्डर असतो. शेअर तिथे नसला तरी फोल्डर असतोच, म्हणून बॅकअप त्यात, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्याच डिस्कवर, बिनतक्रार लिहिला जातो. मेल येतो ‘यशस्वी’. काही रात्रींनी सर्व्हरची मूळ डिस्क भरते आणि चारही व्हीएम अडतात. शेअर पुन्हा माउंट केला की त्या फाइली त्याखाली झाकल्या जातात, मग जागा कुणी खाल्ली ते कळत नाही.

‘फाइंडमाउंट’ ही आज्ञा देऊन त्या जागेवर खरोखर कोणता शेअर आहे ते पाहावे. प्रॉक्समॉक्समध्ये स्टोरेज ‘डिरेक्टरी’ प्रकारचे असेल आणि माउंट आपण स्वतः केले असेल, तर ‘इज माउंटपॉइंट’ हा पर्याय चालू करावा. मग शेअर नसताना स्टोरेज उपलब्ध नाही असे ठरते आणि बॅकअप त्रुटी देऊन थांबतो. इथे त्रुटी येणे हेच आपल्याला हवे असते.

बॅकअपमुळे व्हीएम का गोठते?

‘रात्री बिलिंग हळू होते’ ही तक्रार आली तर लोक व्हीएमला जास्त रॅम देतात. कारण दुसरीकडे असते. चालू व्हीएमचा बॅकअप रात्री १ वाजताच्या स्थितीचा हवा असतो, पण तो पूर्ण व्हायला वेळ लागतो. १ गिगाबिटच्या जाळ्यावर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे २ टीबीला सुमारे ५ तास. या काळात व्हीएमने अजून न उचललेल्या ब्लॉकवर काही लिहायचे ठरवले, तर क्यूईएमयू आधी तिथला जुना मजकूर बॅकअपकडे पाठवतो आणि मगच नवे लिहू देतो. थोडक्यात, व्हीएमचे लिहिणे नॅसच्या वेगाला बांधले जाते. नॅस मंदावला की व्हीएम मंदावते. नॅस गप्प झाला आणि माउंट ‘हार्ड’ प्रकारचा असला, तर लिहिणारी प्रक्रिया थांबूनच राहते आणि व्हीएम गोठल्यासारखी दिसते.

यावर ‘सॉफ्ट’ माउंट करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मी देणार नाही. सॉफ्ट माउंट ठरावीक वेळानंतर हात वर करतो, आणि अर्धवट फाइल मागे राहू शकते. त्यापेक्षा प्रॉक्समॉक्स ८.२ मध्ये, एप्रिल २०२४ पासून, आलेली ‘फ्लीसिंग’ची सोय वापरावी. तिच्यात जुना ब्लॉक आधी सर्व्हरवरच्या वेगवान डिस्कवर ठेवला जातो आणि तिथून सावकाश नॅसकडे जातो.

बॅकअप मध्येच तुटला तर व्हीएमवर कुलूप राहते आणि पुढच्या रात्री ‘व्हीएम इज लॉक्ड’ असा संदेश येतो. आधीची प्रक्रिया खरोखर संपली आहे ना हे पाहूनच कुलूप काढावे.

नॅस शेजारच्या खोलीत आहे

सगळे दुरुस्त झाले तरी आपल्या उदाहरणात एक दोष उरतोच. १ डिसेंबर २०१५ च्या पावसात अड्यार नदी फुगली, चेन्नईचे मोठे भाग पाण्याखाली गेले, विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी ‘द हिंदू’ची चेन्नई आवृत्ती छापली गेली नाही. १८७८ मध्ये सुरू झालेल्या या पत्राच्या बाबतीत असे पहिल्यांदाच घडले, आणि कारण यंत्राचा बिघाड नव्हते : शहराबाहेर मरैमलै नगरच्या छापखान्यापर्यंत कामगार पोहोचू शकले नाहीत. बॅकअपलाही हेच लागू होते. सर्व्हर तळमजल्यावर आणि नॅस त्याच्या शेजारी असेल तर पाणी दोघांनाही एकदमच गाठते. आणि नॅस वरच्या मजल्यावर कोरडा राहिला, पण वीज नाही आणि इमारतीत जाता येत नाही, तर त्या आठवड्यात तो नसल्यासारखाच. एक प्रत दुसऱ्या शहरात हवी.

ती प्रत परत उघडते का, हेही तपासावे लागते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधला तर तो नव्हताच : बॅकअपचा प्रोग्राम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणून तो रोज अपयशी होत होता. अपयशाचे मेल निघत होते, पण ते समोरच्या सर्व्हरकडून नाकारले जात होते. अखेर सुमारे ६ तास जुना एक स्नॅपशॉट योगायोगाने हाती होता, त्यावरून काम निभावले.

आपल्या कार्यालयात महिन्यातून एकदा एका व्हीएमची प्रत नव्या क्रमांकाने, नेटवर्क कार्ड तोडून, परत उभी करावी. कार्ड जोडलेले राहिले तर एकाच आयपीची दोन यंत्रे चालू होतील आणि बिलिंगला नवाच ताप होईल. व्हीएम सुरू झाली, की लॉगिन करून कालची शेवटची बिले त्यात आहेत का ते पाहावे, आणि पूर्ण कामाला किती वेळ लागला तो वहीत टिपून ठेवावा.