पुराआधी (भाग 7) : गोदामात फुटणारी बोट

मागच्या आठवड्यात दोर आणि लाइफ जॅकेट पाहिले. आज रबरी बोटीची ट्यूब.

मे महिन्यातली सकाळ होती. एका तालुक्याच्या गोदामातून चार जणांनी बोटीची गुंडाळी फरफटत अंगणात आणली. मूळचा नारिंगी रंग विटून गेलेला. घडी उलगडताना सुक्या चामड्यासारखा कडकड आवाज झाला आणि घडीच्या रेषेवर केसाएवढ्या चिरा दिसल्या. आतून उंदरांनी कुरतडलेल्या कापडाचा भुगा सांडला. पंप मारायला घेतला. तीन कप्पे फुगले, चौथा काही केल्या उभा राहीना. चार वर्षांत ती बोट एकदाही पाण्यात उतरली नव्हती. ती कुठे आपटली नव्हती, घासली नव्हती. नुसती पडून होती.

तेव्हापासून जिथे जातो तिथे मी एकच गोष्ट सांगतो. आपल्याकडे बोट वापरून जेवढी खराब होत नाही, तेवढी ठेवून होते. कोकणात होडीवरून रोज कुणाचा तरी हात फिरतो. नांदेड-लातूरचं तसं नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच जिल्ह्यात 28 सप्टेंबर 2021 ला मांजरेच्या पुरात रेणापूर तालुक्यातल्या माणसांना बोटींनी आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. टँकर मोजण्यात ज्यांचा उन्हाळा जातो, त्यांना बोटीची आठवण कशी व्हावी? पण व्हायला हवी. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. पुणे-नांदेड अंतर 450 किलोमीटरच्या आसपास. 17-18 ऑगस्ट 2025 च्या रात्री मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळला पाण्याने वेढलं, तेव्हा एसडीआरएफ आणि लष्कर दोघांनाही बोलवावं लागलं. बाहेरची मदत पोचेपर्यंतचे तास जिल्ह्यातल्या स्वतःच्या बोटीवर काढायचे असतात.

दोन पोकळ वस्तू शेजारी बांधून त्यावर माणूस न्यायचा, ही युक्ती आपल्याला नवी नाही. दोन होड्या एकमेकींना जोडल्या की त्या जोडीला सांगड म्हणत. भोपळ्यांचीही सांगड असे. ‘सांगड घालणे’ आपण रोज बोलतो, त्याच्या मुळाशी हे तरंगणं आहे. रबरी बोटीच्या दोन बाजूंच्या ट्यूब म्हणजे हवेची सांगडच. 45 सेंटिमीटर व्यासाच्या ट्यूबचा प्रत्येक मीटर पूर्ण बुडाला तर जवळपास 160 किलो वजन उचलून धरतो. म्हणून ट्यूबचे तीन ते पाच वेगळे कप्पे करतात. एक गेला तरी बाकीचे बोट तरंगत ठेवतात.

कप्पा ढिला दिसला की गळतीच आहे असं लगेच धरू नका. सावलीत 25 अंशांना 0.25 बारने भरलेली ट्यूब उन्हात 60 अंशांपर्यंत तापली तर आतला दाब 0.4 बारपर्यंत चढतो. मेच्या उन्हात फुगवलेली बोट तशीच सोडली तर जोड सुटतात, ते यामुळे. उलटही होतं. 40 अंशांवर भरलेली बोट गार पाण्यात टाकली की दाब सुमारे चौथा हिस्सा उतरतो. बोट मऊ पडते आणि माणसं घाबरतात. अशा वेळी पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवून पुन्हा हवा भरावी. मग ती टिकली तर बोट चांगली आहे.

खरी गळती शोधायला महागडं काही लागत नाही. सगळे कप्पे पाळीपाळीने थोडे थोडे भरत पूर्ण दाबावर आणायचे. एकच कप्पा गच्च भरला तर मधला पडदा फाटू शकतो. मग बादलीत भांडी घासायच्या साबणाचं पाणी करून स्पंजने लावत जायचं. आधी व्हॉल्व. ट्यूब दोषी धरली जाते आणि निघते व्हॉल्वच्या बैठकीत अडकलेली वाळू, असं मी कितीदा पाहिलं आहे. नंतर जोड, मग घड्यांच्या रेषा, शेवटी सपाट कापड. बारीक भोकावर बुडबुड्यांचा फेस हळूहळू फुलतो, त्याला वेळ द्यावा लागतो. बाहेर कुठेच फेस नाही, पण एक कप्पा उतरतो आणि शेजारचा कडक होतो, तर मधला पडदा गळतो आहे. ते काम वर्कशॉपचं.

आता ठिगळ. आमच्या त्या बोटीला पूर्वी कुणीतरी पंक्चरच्या दुकानात नेलं होतं. तिथल्या चाचांनी मन लावून घासून सायकलच्या सोल्युशनने ठिगळ चिकटवलं होतं. ते आम्ही नखाने उचललं आणि सबंध निघून आलं. चूक चाचांच्या हाताची नव्हती. सायकलची ट्यूब वेगळ्या रबराची, बोटीचं कापड वेगळं. बोटी दोन प्रकारच्या असतात: पीव्हीसीचा थर दिलेल्या आणि हायपॅलॉनच्या. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा गम, हायपॅलॉनला निओप्रीनचा, दोन्हींत ऐन वेळी हार्डनर मिसळायचा. एकाचा गम दुसऱ्याला धरत नाही. त्यामुळे बोट कशाची आहे हे तिच्या कागदांवरून आधी पाहून घ्या. आणि सिलिकॉन सीलंट तर लावूच नका. त्याचा अंश कापडावर राहिला की पुढे खरा गमही चिकटत नाही.

ठिगळ भोकाच्या चहूबाजूंनी 5 सेंटिमीटर मोठं आणि गोल कापायचं, कारण कोपरा असला की तिथूनच उचलतं. हायपॅलॉन पॉलिश पेपरने घासून मऊ करायचं, पीव्हीसी सॉल्व्हंटने पुसायचं. दोन्ही पृष्ठांवर गमाचे दोन-तीन पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा. शेवटचा हात बोटाला चिकटेल न चिकटेल अशा वेळी ठिगळ मधून कडेकडे रूळ फिरवत बसवायचं. त्यानंतर निदान 24 तास हवा भरायची नाही. काम उघड्यावर करा, सॉल्व्हंटच्या वासाने डोकं गरगरतं.

यात आपल्या हवामानाची एक अडचण आहे. दमट हवेत हा गम नीट धरत नाही, म्हणून जुलैच्या झडीत लावलेलं ठिगळ भरवशाचं नसतं. मेच्या दुपारी उलटं होतं, सॉल्व्हंट इतक्या झपाट्याने उडतो की ठिगळ बसवण्याआधीच गम कोरडा पडतो. नांदेड-लातुरात या कामाची वेळ म्हणजे फेब्रुवारी-मार्चची सकाळ, किंवा फार तर मेमधली उजाडतानाची सावली. पुराची पहिली बातमी आल्यावर बोट दुरुस्त होत नसते.

ऐन पुरात ट्यूब फाटतेही. इथला पूर नदीपात्रात राहत नाही, शेतांतून पसरतो. पाण्याखाली बाभळीचे काटे असतात, बांधावरची काटेरी तार असते, उडालेले पत्रे असतात. तुरीची आणि कापसाची धसकटं तर सुरीसारखी. शेतावरून जाताना इंजिन हळू ठेवून पुढे बसलेल्याने बांबूने तळ चाचपत जावं. ट्यूब फाटलीच तर माणसांना सावकाश, बसूनच दुसऱ्या बाजूला सरकवायचं आणि जवळचा काठ गाठायचा. उभं कुणी राहायचं नाही. छोट्या चिरेला दोन पत्र्यांमध्ये कापड आवळून धरणारा स्क्रूचा क्लॅम्प मिळतो. तो ओल्या कापडावरही बसतो, तेवढ्यापुरता दम देतो. प्रत्येक बोटीत असे दोन तरी असावेत. ओल्या ट्यूबवर गम लावण्यात वेळ घालवू नका.

पूर ओसरल्यावर गाळ गोड्या पाण्याने धुवा, बोट सावलीत पूर्ण वाळवा. पुन्हा गोदामात ठेवताना टॅल्कम भुरभुरून सैल गुंडाळा, दरवेळी घडी वेगळ्या रेषेवर पाडा. जागा असेल तर अर्धी फुगवूनच ठेवलेली बरी. जमिनीपासून वर, उंदरांच्या आणि उन्हाच्या आवाक्याबाहेर. आमच्या त्या बोटीचा चौथा कप्पा वर्कशॉपला गेला, घड्यांवरच्या चिरांना दोन सकाळी आम्ही ठिगळं लावली. आता व्हॉल्वशेजारी न पुसणाऱ्या शाईने तपासणीची तारीख लिहिलेली असते, आणि तिच्याखाली पुढच्या तारखेसाठी मोकळी जागा.