माघी पुन्नी ते अक्ती: गावाच्या सालाचा हिशेब

विदर्भात आणि मराठवाड्यात गुढीपाडव्याच्या दिवशी दोन कामं होत आली आहेत. एक दारात दिसतं, दुसरं ओसरीवर चालतं. दारात गुढी उभी राहते आणि ओसरीवर सालगड्याचं साल ठरतं: रोकड किती, ज्वारी किती, कपड्यांचे जोड किती, उचल किती. फोटो पहिल्या कामाचे निघतात; घर चालतं ते दुसऱ्यावर. रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत हेच दुसरं काम पाडव्याला न होता महिनाभर उशिरा, अक्षय तृतीयेला होतं. छत्तीसगढीत तिला ‘अक्ती’ म्हणतात, खानदेशात आखाजी म्हणतात तसंच. माघी पौर्णिमेपासून अक्तीपर्यंतचे अडीच-तीन महिने हा इथल्या गावाचा वसंत. जत्रा, नगारे, जवारा, नवधा रामायण, बाहुल्यांची लग्नं असा हा सगळा गजबजाट शहरातून पाहणाऱ्याला रिकामपणीची करमणूक वाटतो. धान विकून झालं, हातात पैसा आला, शेतात काम नाही, मग लोक नाचतात, असा साधा हिशेब. हा हिशेब चुकीचा नाही, पण अर्धा आहे. या तीन महिन्यांत गाव आपलं वर्षाचं दफ्तर उघडतं आणि मिटवतं. उत्सव हे त्या दफ्तराचं बाहेरचं वेष्टन.

तयारी माघी पौर्णिमेच्या आधीच, वसंत पंचमीला, सुरू होते. गावाच्या ठरलेल्या जागी, ‘होले डांड’वर, एरंडाचं झाड रोवलं जातं आणि तिथून होळीपर्यंत त्याभोवती लाकूडफाटा साठत जातो. मग फाग, म्हणजे होळीची गाणी, आणि नगारे. नगारा जोडीनं विकला जातो, एक मोठा, एक लहान. मातीच्या भांड्यावर चामडं ताणलेलं. वाजवण्याआधी तो विस्तवावर धरून शेकतात, कारण फागुनातल्या रात्रीच्या गारव्यानं चामडं सैल पडतं आणि आवाज बसतो. होळी सरली की चैती नवरात्रातला जवारा येतो. टोपल्यांत गहू पेरून नऊ दिवस अंधाऱ्या खोलीत वाढवायचे आणि नवमीला जसगीतं, म्हणजे देवीची गाणी, गात तळ्यात विसर्जित करायचे. आपल्याकडे आश्विनातल्या घटाचं धान पाहून जशी पिकाची अटकळ बांधतात, तशीच इथे जवारा दाट आला की विरळ यावर बांधतात. याच सुमारास कित्येक गावांत नवधा रामायण बसतं. नऊ दिवस रामचरितमानसाचं गायन, आणि ते ऐकवायला शेजारगावच्या मंडळ्या. त्यांच्या जेवणाचं, बिछान्याचं, मांडवाचं ओझं घरटी वर्गणीवर. वर्गणी कोणी दिली, कोणी टाळली, कोणाला या वर्षी माफ करायची, हे ठरवताना गावाला प्रत्येक घराची खरी स्थिती कळते. कुठल्याही सर्वेक्षणात ती इतकी स्वच्छ उतरत नाही.

राजिमची जत्रा या सगळ्यांत मोठी. रायपूरहून जेमतेम ४५ किलोमीटरवर महानदी, पैरी आणि सोंढूर एकत्र येतात. पात्राच्या मधोमध कुलेश्वर महादेव, काठावर राजीवलोचन. राजीवलोचन मंदिरातला जगपालदेवाचा शिलालेख ११४५ सालचा आहे, म्हणजे जागा नवी नाही. माघी पौर्णिमा ते महाशिवरात्र असे पंधरा दिवस जत्रा भरते. राज्य सरकारनं दोन हजारच्या दशकात तिला ‘राजिम कुंभ’ केलं, २०१९ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या सरकारनं ‘राजिम माघी पुन्नी मेळा’ हे नाव परत दिलं आणि २०२४ मध्ये ती ‘कुंभ कल्प’ झाली. नावाच्या या खेचाखेचीत दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली: जत्रा म्हणजे मंच, आणि प्रश्न एवढाच की मंचावर साधू बसवायचे की लोककलाकार. वाळूत चूल मांडून राहिलेल्या माणसाला या वादाशी फारसं देणंघेणं नसतं. तो आलेला असतो अंघोळीला, दर्शनाला, आणि वर्षातून एकदाच एका जागी सापडणाऱ्या पाव्हण्यांना गाठायला. सोयरिकीची पहिली बोलणी, जुन्या उसनवारीची आठवण, लग्नसराईची खरेदी ही जत्रेची न छापलेली कार्यक्रमपत्रिका. मंच उद्या काढून घेतला तरी जत्रा भरेल. पाव्हणे येणं थांबलं तर मंच कितीही मोठा असो, ती भरणार नाही.

पण माझं म्हणणं खरं तपासायचं असेल तर अक्तीकडे जवळून पाहावं लागतं. त्या दिवशी प्रत्येक शेतकरी घरातून मूठ-दोन मुठी धान पळसाच्या पानांच्या द्रोणात घेऊन ठाकुरदेवाच्या ठाण्यावर येतो. ठाकुरदेवाला बहुधा देऊळ नसतं. झाडाखालची जागा असते. बैगा, म्हणजे गावचा पुजारी, सगळ्यांचं धान एकत्र करतो. मग नांगरणीचं नाटक होतं: मुलं बैल होतात, जमीन उकरली जाते, बी पडतं, वर पाणी शिंपडलं जातं. शेवटी ते मिसळलेलं धान पुन्हा द्रोणाद्रोणानं वाटलं जातं आणि ज्यानं त्यानं ते घरच्या बियाण्यात मिसळायचं. म्हणजे जूनमध्ये कोणाच्याही शेतात जे बी पडणार त्यात अख्ख्या गावाचे चार दाणे असतात. याला श्रद्धा म्हणा, पण या श्रद्धेला एक व्यावहारिक कणा आहे: कोणाच्या घरी बी उरलं आहे आणि कोणाच्या घरी नाही, हे पेरणीच्या दीड महिना आधी चारचौघांत उघड होतं. उसनवारीला तेवढा वेळ पुरतो. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या साठ्यात भाताचे २३ हजारांहून अधिक नमुने आहेत. डॉ. रिछारिया यांच्यासारख्या शास्त्रज्ञानं या प्रदेशातून हजारो वाण गोळा केले, ते प्रयोगशाळेत जन्मलेले नव्हते. घराघरांतल्या कोठ्यांत राखलेले होते. २००२ मध्ये हा साठा एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीशी होणाऱ्या करारात जाणार अशी बातमी आली, तेव्हा लोकांनी विरोध केला आणि करार बारगळला. बी ही सामायिक चीज आहे ही समज त्या विरोधामागे होती, आणि ती समज शिकवणारी शाळा दरवर्षी ठाकुरदेवाच्या झाडाखाली भरते.

त्याच दिवशी माणसांचेही करार नवे होतात. घरचा गडी म्हणजे कमिया किंवा सौंजिया, गुरं राखणारा राऊत, न्हावी, धोबी, लोहार या सगळ्यांचं साल अक्तीला सुरू होतं. गावाची सेवा करणाऱ्यांच्या या व्यवस्थेचं नाव ‘पौनी-पसारी’. मराठी वाचकाला बलुतं आठवेल आणि ते बरोबरच आहे. मोबदला धानात, मापं काठा आणि खांडी. वीस काठ्यांची एक खांडी. (भोसल्यांच्या राज्याशी छत्तीसगढचा शंभरेक वर्षं संबंध होता, तेव्हा खंडी-खांडीचा हा शेजार ऐकून मराठी कान टवकारतात, पण माप दोन्हीकडे जुनंच असावं, उगाच श्रेय घेऊ नये.) एकोणिसाव्या शतकातल्या बंदोबस्ताच्या अहवालांत या प्रदेशातल्या ‘लाखाबाटा’ची नोंद आहे. ठराविक काळानं गावची शेतं पुन्हा वाटून घ्यायची, म्हणजे चांगली-वाईट जमीन एकाच्याच वाट्याला कायमची राहू नये. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मालगुजारांना मालकी हक्क दिले आणि ही चाल मावळली. पण ज्या गावांना जमीनसुद्धा बसून वाटून घेता येत होती, त्यांचे उन्हाळ्याच्या तोंडाशी होणारे मेळावे केवळ नाचण्यासाठी असतील असं मानणं कठीण आहे.

यात छत्तीसगढ एकटं नाही. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायद्याचं वर्ष २५ मार्चला, ‘लेडी डे’ला, सुरू व्हायचं. खंड त्या दिवशी चुकता व्हायचा, शेतमजुरांची कुटुंबं घरदार गाडीवर लादून नव्या मालकाकडे निघायची. टॉमस हार्डीच्या ‘टेस’मध्ये हे स्थलांतर येतं. पंचांग बदलल्यावर दिवस पुढे सरकले आणि तिथलं करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं. आपला मार्चएंडसुद्धा १८६७ पासूनचा, त्यांनीच दिलेला. आणखी एक गोष्ट तिथे टिकली आहे: १९७२ च्या कायद्यानुसार प्रत्येक इंग्लिश पॅरिशची वार्षिक सभा १ मार्च ते १ जून या दरम्यानच घ्यावी लागते. मेपोलभोवती रिबिनी गुंडाळत मुलं नाचतात त्याच आठवड्यांत. सण आणि सभा शेजारी ठेवणं हा खेड्यांचा जुना शहाणपणा असावा; लोक जमलेलेच असतात, वेगळं बोलवावं लागत नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार: हे करार गोड कशाला मानायचे? पौनी-पसारी जातीवर उभी होती, आणि कमियाचं साल कर्जापायी कितीदा तरी जन्माचं व्हायचं. वेठबिगारी बंद करणारा १९७६ चा कायदा उगाच आला नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, एवढंच नव्हे, तो माझ्याच म्हणण्याचा पुरावा आहे. सण निव्वळ करमणूक असते तर त्यातून कोणाला बाहेर ठेवल्यानं फार बिघडलं नसतं. सतनामी समाजाला अनेक गावांत न्हाव्या-धोब्याची सेवा नाकारली गेली, म्हणजे गावाच्या दफ्तरातूनच त्यांचं नाव वगळलं गेलं. त्यांच्या गुरू घासीदासांच्या गिरौदपुरीला फाल्गुन शुद्ध पंचमी ते सप्तमी अशी स्वतंत्र जत्रा भरते आणि तिथे कुतुबमिनारहून उंच, ७७ मीटरचा जैतखाम, म्हणजे जयस्तंभ, उभा आहे. ज्यांना गावाच्या वसंतात बरोबरीची जागा नव्हती त्यांनी स्वतःचा वसंत उभारला, आणि तोही याच दिवसांत.

दुसरा आक्षेप अक्तीच्या लग्नांचा. या मुहूर्तावर बालविवाह होत आले, आणि २००६ च्या कायद्यानं मुलीला १८, मुलाला २१ वर्षांची अट असूनही प्रशासनाला दर अक्तीला पथकं फिरवावी लागतात. पण त्याच दिवशी मुलं मातीच्या पुतरा-पुतरीचं लग्न लावतात, हे या संदर्भात नीट पाहण्यासारखं आहे. रायपूरच्या गोलबाजारात या बाहुल्या आठवडाभर आधी मांडल्या जातात, डोक्याला छिंदीच्या पानांचे मुकुट. मग गल्लीत मांडव पडतो, तेल-हळद होते, आणि ‘टिकावन’, म्हणजे आहेर, मोठी माणसं खऱ्याच नोटांचा करतात. कोणी किती दिलं हे लिहून ठेवायला एक मुलगा बसतो. लग्न हा दोन घरांमधला देण्याघेण्याचा हिशेब आहे हे मुलं तिथे शिकतात, स्वतः बोहल्यावर न चढता. मुलीऐवजी बाहुलीचं लग्न लावायची सोय असलेल्या सणाला बालविवाहाचा सण म्हणून मोकळं होणं हा आळस आहे. मात्र मुलीचं लावणाऱ्या घराला परंपरेची ढाल देणं हा त्याहून वाईट प्रकार.

तिसरा आक्षेप असा, की हे सगळं संपलंच आहे. ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर आले, बी दुकानातून येतं, न्हावी चौकात दुकान टाकून रोख घेतो, आणि २०२३ पासून सरकार एकरी २१ क्विंटलपर्यंतच्या धानाला क्विंटलमागे ३१०० रुपये देत असल्यानं हिशेब सोसायटीच्या खात्यावर होतो. शिवाय धान निघालं की कित्येक कुटुंबं परराज्यातल्या वीटभट्ट्यांवर जातात. वसंतात गावात उरतात म्हातारे आणि मुलं. यातलं जवळजवळ सगळं खरं आहे. तरी दोन गोष्टी खात्यावर जात नाहीत: गुरं आणि तळं. उन्हाळी पीक नसलेल्या गावात उन्हाळ्यात गुरं मोकळी सुटतात आणि पेरणीआधी ती रोखायचा ठराव, ‘रोका-छेका’, सगळ्यांनी एकत्र केल्याशिवाय टिकत नाही. एका घरानं मोडला की दहा शेतं जातात. सरकारनं २०२० च्या जूनमध्ये हीच चाल मोहीम म्हणून राबवली. तळ्याचंही तसंच. चैतात पाणी उतरलं की अंघोळीला किती, गुरांना किती, मासे कधी धरायचे, हा वाद निघतोच. निस्तारीचे, म्हणजे सामायिक वापराचे, हे हक्क महसूल संहितेत निस्तार पत्रकाच्या रूपानं लिहिलेले आहेत, पण पत्रक तहसिलीत असतं आणि पाणी तळ्यात.

म्हणून मला सरकारचा उत्साह थोडा चुकीच्या ठिकाणी खर्च होताना दिसतो. २०२२ मध्ये अक्ती ‘माटी पूजन दिवस’ म्हणून साजरी झाली, भाषणं झाली, मातीची शपथ झाली. दुसरीकडे ग्रामसभेच्या ठरीव तारखांपैकी एक १४ एप्रिलला येते, बाबासाहेबांच्या जयंतीला, अक्तीच्या थोडी आधी. तारीख चांगलीच आहे, पण कोरम भरत नाही ही सचिवांची कायमची तक्रार, आणि कोरम न भरण्याचं कारण उघड आहे: भट्टीवरची माणसं तेव्हा गावात नसतात. त्यातली जी काही दोन दिवसांसाठी का होईना परततात, ती घरच्या लग्नासाठी आणि अक्तीसाठी. त्या दिवशी सकाळी ठाकुरदेवाच्या झाडाखाली द्रोण घेऊन आलेली माणसं मोजली तर कोरम निघेल. बैगाचं काम तासाभरात आटोपतं, उन्हं चढायच्या आत. त्यानंतर राऊत आपल्या सालाची मागणी मांडतो, कोणीतरी म्हणतं गेल्या वर्षीपेक्षा दोन काठे जास्त मागतोय, दुसरा म्हणतो गुरं किती वाढली ते आधी मोज, आणि बायका तळ्यातल्या गाळाचा विषय काढतात.